झाडू मारणाऱ्या जावयाची मोजणी

मु. पो. वडीगोद्री, ता. अंबड
मंगळवार, सकाळी

राजमान्य राजेश्री राधेश्यामराव यांस,

तीर्थस्वरूप लिहावं तर तुम्ही नात्याने मेव्हणे, आणि नुसतं प्रिय लिहावं तर वयाने माझ्यापेक्षा मोठे, म्हणून जुन्या दप्तरातला मायना झटकून तुम्हाला लावला आहे. रामरावाचा साष्टांग नमस्कार असं लिहिणार होतो, पण गुडघा वाकत नाही आणि कागदावर खोटं लिहिण्याची सवय मला नोकरीतही नव्हती, तेव्हा उभ्याउभ्याच केलेला नमस्कार पोचावा. टेंभुर्णीला मंडळी सुखरूप असतील. वहिनींची कंबर आता कशी आहे? इकडे तुमच्या दोन्ही बहिणींची तब्येत उत्तम. थोरलीची, म्हणजे आमच्या सगुणाबाईंची, मी डोळ्यांनी पाहतो. धाकटीची, म्हणजे दुर्गाबाईंची, भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावरून कळते. काल त्या फोनवर कोणाला तरी बराच वेळ रागावत होत्या, म्हणजे छातीही साफ असावी.

एवढ्यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल की आमच्या घराचं मधलं दार सध्या बंद आहे. तुम्ही एका मांडवात दोन बहिणी आम्हा दोन भावांना दिल्या, आम्ही वडिलांच्या माघारी घराच्या मधोमध भिंत घातली, आणि बहिणींना जायला-यायला त्या भिंतीत एक दार ठेवलं. ते दार इतकी वर्षं कुत्रं-मांजर आत येईल म्हणूनसुद्धा कोणी लावलं नव्हतं. आता ते बंद आहे, धाकटा भाऊ अप्पाराव माझ्याशी बोलत नाही आणि मी अप्पारावाशी बोलत नाही. पण हा या पत्राचा विषय नव्हे. विषय तुम्ही विचारलेलं यंत्र. मग फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. तर आमची भिंत एका विटेची आहे आणि फोनवर मला मोठ्याने बोलावं लागतं. फॅमिली ग्रुपवर लिहावं तर तिथे अप्पाराव रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतो, म्हणजे तो तिथे बसलेलाच असतो. एकट्या तुम्हाला पाठवायला गेलो तर माझं बोट हमखास ग्रुपवरच पडतं (मागे तुमच्या मूळव्याधीची चौकशी मी सगळ्यांसमोर केली होती, ते तुम्ही विसरला नसाल). म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथल्या बाईंनी, काका, खरंच पत्र लिहायचंय का, असं दोनदा विचारून मगच दिलं.

तुमच्या सूनबाई मीना यांनी फोनवर घर झाडणारं ते गोल यंत्र पाहिलं आहे, स्वस्तातलं आहे, ऑफर चालू आहे, आणि आमच्याकडे तेच आहे, म्हणून तुम्ही माझं मत मागितलंत. हे बरं केलंत. बाकीचे लोक नुसती किंमत विचारतात आणि निघून जातात. मी तलाठी म्हणून निवृत्त झालेला माणूस. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्याशिवाय मी कशावरच शेरा मारत नाही. या यंत्राच्या बाबतीतही मी तसंच केलं, आणि जे काही झालं ते त्यातूनच झालं.

यंत्र आमच्या धाकट्या मुलाने पुण्याहून पाठवलं. आईचे हात दुखतात हे त्याला फोनवरून कळतं, पण आईला झाडू दुसऱ्याच्या हातात गेलेला चालत नाही हे त्याला लहानपणापासून घरात राहून कळलं नाही. खोकं उघडलं तर आत काळं, चपटं, उपड्या थाळीसारखं काहीतरी. खाली चाकं, एका बाजूला गरगर फिरणारी मिशी, आणि बसायला स्वतःची जागा (तिथे त्याला वीज मिळते). उद्घाटनाला दोन्ही घरं जमली. सगुणाबाईंनी चपला उचलल्या, कांद्याची टोपली उचलली, विळी उचलली, भुईमुगाचं पोतं मी ओढलं, अप्पारावाने खुर्च्या पलंगावर चढवल्या. मग ते निघालं, इकडे-तिकडे फिरलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसलं. दुर्गाबाई मधल्या दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्याच्यासाठी सगळ्यांनी उठायचं, वाट मोकळी करून द्यायची, अन् हा दोन चकरा मारून जाग्यावर बसून राह्यला. हा तं जावईच झाला की!" तेव्हापासून त्याचं नाव जावई पडलं. आमच्या खऱ्या जावयाला हे अजून कळवलेलं नाही, तुम्हीही कळवू नये.

आता गुणदोष सांगतो. हे यंत्र बनवणाऱ्यांनी अशी घरं पाहिली असावीत की जिथे माणसं खुर्चीत बसतात आणि वस्तू कपाटात बसतात. आपलं घर जमिनीवर चालतं. आपण खाली बसून जेवतो, खाली बसून शेंगा फोडतो, डाळ खाली पसरतो, अंथरूण खाली, मिक्सर खाली, आणि दुपारी जेवण झाल्यावर मी स्वतः खाली. पहिल्याच आठवड्यात जावयाने सगुणाबाईंनी निवडायला पसरलेल्या तुरीच्या डाळीतून आरपार रस्ता काढला, चार्जरची वायर गिळली, आणि एका दुपारी माझ्या पायजम्याची नाडी धरली. पायजमा माझ्या अंगावर होता. मी ओढतो, तो ओढतो, आणि मधूनमधून त्याच्या पोटातली बाई इंग्रजीत काहीतरी समजावते. शेवटी नाडी त्याला द्यावी लागली. डाळ मात्र सगुणाबाईंनी त्याच्या पोटातून काढून परत निवडली. त्या दिवशीचं वरण कोणत्या डाळीचं होतं ते मी विचारलं नाही.

सगुणाबाईंची आणखी एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी, कारण वहिनीही तेच करणार. जावई सुरू होण्याआधी त्या सगळं घर झाडून घेतात. का, तर परक्याने येऊन आपल्या घरातला कचरा बघू नये. मग जावई फिरतो. त्याला झाडायला काही उरलेलं नसतं, तरी तो मन लावून फिरतो. तो जागेवर बसला की त्या पुन्हा झाडू घेतात, कारण कोपऱ्यात तो जात नाही. अशा रीतीने यंत्र आल्यापासून आमचं घर पूर्वीच्या तिप्पट झाडलं जातं, आणि त्यातलं दोन तृतीयांश काम ज्यांचे हात दुखतात त्या करतात. धाकट्याला मी कळवलं की आईला फार उपयोग होतो आहे. तो खूश आहे.

महामार्गाची धूळ तुम्हाला माहीत आहेच. उसाच्या गाड्या सुरू झाल्या की आमच्या ओसरीवर सकाळी बोटाने नाव लिहिता येतं. जावयाचं पोट मात्र चहाच्या पेल्याएवढं, ते बैठकीतच भरतं. त्याला मागे ओला फडका लावायची सोय आहे, ती मी उत्साहाने लावली. धूळ आणि पाणी एकत्र आल्यावर जे व्हायचं तेच झालं. पांढऱ्या फरशीवर त्याने गोल गोल असं काही काढून ठेवलं की सगुणाबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. "माह्या मायनं शेणानं सारवायचं सोडलं त्याला जमाना झाला," त्या म्हणाल्या, "ह्यानं आज परत सुरू केलं." आणखी एक दोष असा की तो काळ्या रंगाला भितो. माझी काळी घोंगडी दिसली की तिथे विहीर आहे असं त्याला वाटतं. काठापर्यंत येतो, थबकतो, वळतो, पुन्हा येऊन पुन्हा थबकतो. उंबरठा तर चढतच नाही. एवढं सोडलं तर काम चांगलं करतो. जिथे सगुणाबाईंचा झाडूही पोचत नव्हता त्या दिवाणाखालून त्याने माझ्या चष्म्याची काडी आणि वाळून खडखडीत झालेलं एक मोसंबं ढकलत बाहेर आणलं.

इथेच हे पत्र संपवून, घ्यायला हरकत नाही, असं मी लिहू शकलो असतो. पण हे यंत्र नुसतं झाडत नाही. ते फिरता फिरता घराचा नकाशा काढतं आणि तो फोनवर दिसतो. राधेश्यामराव, ज्या माणसाची उभी नोकरी गट, बांध आणि हद्दी यांच्यात गेली त्याच्या हातात असा नकाशा देऊ नये. मी तो बघितला आणि सवयीने चतुःसीमा वाचायला लागलो. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस गोठा, उत्तरेस सर्जेरावांची मोकळी बखळ (हे काहीच त्यात नव्हतं, ते मी मनाने भरून घेतलं), आणि मधोमध आमची भिंत. दार उघडं होतं आणि त्या दाराला उंबरठा नाही, त्यामुळे जावई अप्पारावाच्या खोल्यांतूनही फिरून आला होता. दोघांचे हिस्से एकाच काचेवर शेजारीशेजारी आले होते. आणि अप्पारावाचा हिस्सा रुंद दिसत होता. रुंद होता असं मी आजही म्हणत नाही, दिसत होता.

संध्याकाळचा चहा मी अप्पारावाकडे घ्यायचो. (सगुणाबाई चहा करत नाहीत असं नाही, उत्तम करतात. पण भावाकडचा चहा वेगळा लागतो.) त्या संध्याकाळी मी सहज, अगदी सहज, फोन त्याच्यापुढे धरला आणि म्हणालो, अप्पा, तुझं घर आमच्या अंगावर थोडं सरकलेलं दिसतंय. चेष्टा होती हो. अप्पाराव मोसंबीचा बागायतदार, कागदांपासून चार हात लांब राहणारा माणूस. त्याने फोन उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, हसला आणि म्हणाला, "उद्या परत फिरव बरं." दुसऱ्या दिवशी फिरवला, तर माझा हिस्सा मोठा! यंत्र स्वस्तातलं आहे आणि त्याला रोज सकाळी घर नव्याने सापडतं, हे मला आता कळतं. त्या दिवशी मात्र अप्पारावाने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मंग? आता कोण सरकलं?" दुर्गाबाई हसल्या, सगुणाबाई हसल्या, मीही हसलो, पण जरा उशिरा हसलो.

मग तिसरी मोजणी करावी आणि ती दोघांनी अंतिम मानावी, असं ठरलं. तुम्हाला वाटेल, आपापलं घर मोठं दिसावं म्हणून आम्ही धडपडलो असू. तुम्ही दुकानदार माणूस, जमिनीचे वाद तुम्हाला ठाऊक नाहीत. वादात आपलं क्षेत्र नेहमी कमी भरावं लागतं. ज्याचं कमी भरलं त्याच्यावर अन्याय झालेला असतो आणि ज्याचं जास्त भरलं त्याने अतिक्रमण केलेलं असतं. म्हणून मी सकाळी लवकर उठून भिंतीलगत सरकीची पोती लावली. जावई पोत्याला धडकला की भिंत इथेच आहे असं धरून चालतो. मग ट्रंका लावल्या, गाद्या उभ्या केल्या, शिलाई मशीन आडवं आणलं. घर चांगलंच आकसलं. समाधानाने मी मधल्या दारातून डोकावलो, तर पलीकडे अप्पाराव पलंग आडवा टाकून त्याच्यापुढे मोसंब्यांचे क्रेट रचत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी म्हणालो, जरा साफसफाई काढलीय. तो म्हणाला, "मीबी तेच करून राह्यलो." त्या मोजणीत आमची दोन्ही घरं मिळून एक गोठा भरला. सगुणाबाईंना गॅसपर्यंत जायला सरकीवरून चढून जावं लागलं, तेव्हा त्या वरूनच म्हणाल्या, "आता भाकरीबी तुमच्या जावयालाच थापायला सांगा," आणि खाली उतरल्याच नाहीत. त्या दिवशी मी केळी खाऊन राहिलो.

तोपर्यंत गावात बातमी गेली होती की रामराव भाऊसाहेबांकडे मोजणीचं यंत्र आलं आहे. बखळीचे मालक सर्जेराव आले. त्यांचा शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी जुना वाद आहे. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्या वावरातूनबी फिरवून आणा की. फकस्त एक चक्कर." हे झाडायचं यंत्र आहे असं मी सांगून पाहिलं. झाडत झाडत मोजलं तरी आमची काही तक्रार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. माझी बांधावर जायची जुनी हौस अजून पुरती जिरलेली नाही, मी गेलो. जावयाला पोत्यात घातलं, मोटरसायकलवर मांडीत घेतलं, बांधाच्या कडेला उतरवलं आणि बटण दाबलं. काळी जमीन, राधेश्यामराव! नजर जाईल तिकडे काळी जमीन. आपल्याला विहिरीच्या मधोमध आणून ठेवलं आहे असं त्या बिचाऱ्याला वाटलं. तो जागच्या जागी गरगर फिरला, इंग्रजीत ओरडला आणि गप्प झाला. सर्जेराव गुडघ्यावर हात ठेवून वाकून ऐकत होते. "बराबर!" ते शेजाऱ्याकडे बघून म्हणाले. "इथंच बांध कोरला ह्यानं. यंत्रबी पाय टाकायला तयार न्हाई." शेजाऱ्याने यंत्रावर हरकत घेतली, सर्जेरावांनी शेजाऱ्यावर घेतली, आणि कोणी माझ्यावर घ्यायच्या आत मी पोतं उचलून जल्दी घरी आलो. जावयाच्या चाकांत अजून ढेकळं अडकलेली आहेत.

घरी आलो तर अप्पाराव मधल्या दारात उभा. गावभर मोजणी करत फिरतो म्हणून तो आधीच तापलेला, आणि मी उन्हातून आलेलो. पुढचं नीट आठवत नाही असं लिहिणं सोयीचं होतं, पण मला सगळं आठवतं. तो म्हणाला, "भाऊ, भिंत घालताना सुतळी तूच धरली होती." मी म्हणालो, दुसरं टोक कोणाच्या हातात होतं? तो म्हणाला, "मी तवा ल्हान होतो." तेव्हा त्याला दोन मुलं होती, हे मी बोलून दाखवलं. त्यावर तो जे म्हणाला ते मात्र मला लागलं. म्हणाला, "तू माझ्याजवळ भाऊ म्हणून कधी बसलाच न्हाई. चहा प्यायलाबी तलाठी म्हणूनच बसला." आणि वळला. तुझा जावई माझ्या घरात पाठवू नको, असंही जाता जाता म्हणाला. थोड्या वेळाने दार लागलं, आणि कडी सरकल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. माझ्या बाजूची कडी मी लावलेली नाही, लावणारही नाही, हे तुम्हाला शपथेवर लिहून देतो. ज्याने लावली त्याने उघडावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

पोती हलवली, ट्रंका हलवल्या, घर पुन्हा घराएवढं झालं. जावई रोज सकाळी निघतो, बैठक झाडतो आणि न चुकता त्या दारापाशी जातो. धडकतो, जरा मागे येतो, पुन्हा धडकतो. त्याला जुना रस्ता आठवतो की काय कोण जाणे. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलेला असतो. (पूर्वी दोन घरांत मिळून एकच वर्तमानपत्र होतं, आधी मी वाचायचो, मग तो. आता माझं वाचून झालं की दिवसभर घडी घालून तसंच पडून राहतं.) मग फोनवर नकाशा येतो. त्यात आमचंच अर्धं घर असतं आणि भिंतीपलीकडे नुसतं पांढरं. नोकरीत फाटके, कसर लागलेले, तेल सांडलेले नकाशे पुष्कळ हाताळले, त्यांचं कधी काही वाटलं नाही. हा बघवत नाही. मी तो पुसून टाकतो, आणि दुसऱ्या सकाळी तो पुन्हा तसाच येतो.

असो. तुम्हाला मत हवं होतं. वहिनींच्या कमरेसाठी यंत्र वाईट नाही. रोजची वरवरची धूळ तो घेतो, पलंगाखाली जातो, पगार मागत नाही. वायरी, नाड्या आणि डाळी उचलून ठेवाव्या लागतील, काळं काही अंथरू नये, ओला फडका लावूच नये. पोट दिवसातून दोनदा रिकामं करावं लागेल, आणि ते वहिनींनाच वाकून करावं लागेल, हे सूनबाईंना ऑफरमध्ये दिसलेलं नसणार. कोपरे तुमचे तुम्हाला झाडावे लागतील. आणि फोनवरचा नकाशा तुमच्या घरात कोणीही उघडू नये. तुमचं घर एकत्र आहे, तुम्हाला त्या नकाशाची काही गरज नाही.

वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, दुकानातल्या मांजरीला माझी आठवण. लोभ आहेच, तो मोजायला आता कोणाला लावू नये ही विनंती.

आपला,
रामराव

ता. क. यंत्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मुळीच घेऊ नका. बघायला या. एकटेच या आणि लवकर या. गाडीतून उतरलात की आधी अप्पारावाकडे जा, धाकट्या बहिणीकडे आधी गेलात तर कोणाला संशय यायचं कारण नाही. चहा प्या. मग सहज उठून, अरे, हे दार बंद का, असं म्हणून त्यांच्या बाजूची कडी काढून टाका. मी अलीकडे खुर्चीत बसलेलाच असेन. मी सांगितलं असं अजिबात म्हणू नका, मीना सूनबाईंच्या यंत्राचं निमित्त सांगा. खरं विचाराल तर यंत्राबद्दलची एवढी पानं मी या चार ओळींसाठीच लिहिली.

ता. ता. क. तिकडे गेलात की अप्पाराव औषध घेतो की नाही तेही विचारून घ्या. त्याचा खोकला मला इकडे ऐकू येतो आणि विचारता येत नाही. हे पत्र सगुणाबाईंना वाचायला दिलेलं नाही. पाकिटाचा गोंद धरत नाही, म्हणून भाताच्या शितांनी चिकटवण्यापुरतंच त्यांच्या हातात देतो आहे.

दादा, सगुणाचा नमस्कार. चिकटवायला दिलं म्हणून वाचलं. दार बंद आहे हे खरं, पण कडी दोन्हीकडून कुठंच लागलेली नाही. यांनी ऐकला तो दुर्गीच्या कपाटाचा आवाज. दार जरा फरशीला घासतं, जोर लावून ढकललं की उघडतं. दुपारी हे दोघं झोपले की आम्ही दोघी त्यातूनच जातो-येतो. यांच्या ताटातली निम्मी भाजी तिकडचीच असते, अन् हे माझ्या हाताला चव आली म्हणतात. भाऊजींचा खोकला पुष्कळ कमी आहे, औषध मीच नेऊन देते. आम्ही यांना काही सांगत नाही. एक तर तिकडच्या संध्याकाळच्या चहात दुर्गी भाऊजींच्या सांगण्यावरून यांना चोरून साखर घालायची. चहा सुटल्यापासून यांची शुगर खाली आली अन् डॉक्टर खूश आहेत. पण तेवढ्यासाठी नाही. मला राग ह्याचा आहे, की गावोगावच्या बांधावर जाऊन पाहणी केलेल्या माणसानं घरातल्या दाराला एकदा हात लावून पाहिला नाही. भाऊजीही तसेच. ते दुर्गीला सांगतात, भाऊनं कडी लावली, त्यानंच उघडावी. चहाच्या वेळेला हे इकडून दारापाशी खुर्ची ओढून बसतात, ते तिकडून बसतात, अन् दोघंही गप्प. मला अन् दुर्गीला बघून हसू येतं, मग रडू येतं. दादा, तुम्ही या, चार दिवस राहा, यंत्र बघा, पण दाराला हात लावू नका. तुम्ही उघडलंत तर ह्या दोघांना जन्मभर वाटत राहील, की समोरच्यानं कडी लावली होती.